मदत हवी आहे: "काहीतरी कुजलंय" हे वाक्य नक्की कोणाचं? (तातडीचं)

रेवती_नाशिक
उद्या संध्याकाळी अभिवाचन आहे आणि एका वाक्यावर तालीम अडलीय. "राज्यात काहीतरी कुजलंय" हे कोण म्हणतं? झेरॉक्स काढताना पानांची डावी कड कापली गेली, पात्रांची नावंच गेली. सर गावाला गेलेत, फोन लागत नाही. लवकर सांगा प्लीज.

पंचवटीकर
ताई, नाटक कुठलं ते तरी लिहा. आणि नाशिकमध्ये राहून तात्यासाहेबांचं 'नटसम्राट' का नाही घेतलंत? "कुणी घर देता का घर" कोणाचं, हे इथे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. १९७० साली डॉ. लागूंनी उभा केलेला अप्पा बेलवलकर आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

रेवती_नाशिक
'हॅम्लेट' हो काका. मला वाटलं वाक्यावरूनच कळेल.

गोदाकाठ
मग हॅम्लेटच. बाप गेला, काका गादीवर बसला, आईनं त्याच्याशीच लग्न केलं. कुजलेलं दुसऱ्या कोणाला दिसणार? कॉलेजात केलंय मी हे नाटक.

तिसरी_घंटा
थांबा, घाई नको. रेवती, आधीचं आणि नंतरचं वाक्य टाक. भुताचा प्रवेश आहे का?

रेवती_नाशिक
हो, भुताचाच. आधी: "यातून काय निष्पन्न होणार?" नंतर: "देवच काय ते बघेल." त्यानंतर: "नाही, चल त्याच्या मागे." हॅम्लेट वाचणारा मुलगा म्हणतो वाक्य माझं. मी होरेशिओ वाचतेय, मला वाटतं माझं.

तिसरी_घंटा
दोघांचंही नाही. मार्सेलसचं आहे. पहिला अंक, चौथा प्रवेश. "त्याच्या मागे" मधला 'तो' म्हणजेच हॅम्लेट. भुतामागे तो आत निघून गेलाय, तेव्हा रंगमंचावर नाहीच. "निष्पन्न" आणि "देवच" ही होरेशिओची. मार्सेलस साधा पहारेकरी. बापाच्या खुनाचं हॅम्लेटलाही पुढच्या प्रवेशात कळतं, याला तर काहीच माहीत नाही. म्हणून वाक्य गर्जून म्हणू नका. मध्यरात्र आहे, हाडं गोठवणारी थंडी आहे, माणूस घाबरलाय. आवाज दबलेलाच हवा.

गोदाकाठ
वाक्य मार्सेलसचं असेल, पण आशय हॅम्लेटचाच ना? "जगावं की मरावं" म्हणणारा माणूस तोच.

तिसरी_घंटा
ते तिसऱ्या अंकात. आणि पोरीनं आशय विचारलेला नाही, वाक्य कोण वाचणार ते विचारलंय.

नाट्यवेडी
आगरकरांचं 'विकारविलसित' (१८८३) जरूर वाच. हॅम्लेटचा चंद्रसेन केलाय त्यात. सावानात (सार्वजनिक वाचनालयात) चौकशी कर.

रेवती_नाशिक
ताई, नंतर नक्की वाचते, आज रात्री नाही होणार. तिसरी_घंटा, खूप आभार. आमच्याकडे मार्सेलस कोणी घेतलाच नव्हता! त्याची वाक्यं आम्ही दोघांनी अंदाजाने वाटून घेतली होती. आता पार्श्वसंगीत बघणाऱ्या मुलीला देते. सगळ्या पानांवर पेन्सिलने 'मा' आणि 'हो' लिहीत बसलेय.

पंचवटीकर
कार्यक्रम कुठे? साईखेडकर नाट्यगृहात का? वेळ टाका, आम्ही दोघं येतो.

रेवती_नाशिक
नाही काका, कॉलेजच्या हॉलमध्येच, साडेसहाला. या नक्की. आणि "चल त्याच्या मागे" हेही 'मा' ना?

तिसरी_घंटा
हो, तेही त्याचंच.