लाइन तुटली की डायल-अप (फोनच्या तारेवरून डायल करून लावायचं इंटरनेट) आपोआप पुन्हा लागत नाही, काय करू?

खाडीकाठ: गुहागर तालुक्यात राहतो. घरी विंडोज एक्सपी, ५६केचा मोडेम (संगणक फोनच्या तारेला जोडणारं यंत्र). आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे १२ फोटो मस्कतच्या भावाला मेलने पाठवायचेत. एकेक फोटो २ एमबीचा, वर चढायला आठ-नऊ मिनिटं लागतात. रात्री लावून झोपतो नि पहाटे बघतो तर लाइन कधीच तुटलेली. 'रीडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड'वर टिक आहे, तरी पुन्हा डायल होतच नाही. पाऊस लागल्यापासून हे जास्तच झालंय.

सड्यावरचा: नुसती टिक पुरत नाही. स्टार्ट, रन, तिथे services.msc टाका. यादीत 'रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर' शोधा. ती सेवा बंद असेल तर लाइन तुटल्यावरचं रीडायल होत नाही. स्टार्टअप ऑटोमॅटिक करा आणि स्टार्ट दाबा. शिवाय कनेक्शनच्या ऑप्शन्समध्ये नाव-पासवर्ड विचारायची टिक काढा, पासवर्ड साठवून ठेवा. नाहीतर ती चौकट रात्रभर तुमची वाट बघत बसेल.

बंदरपाखाडी: हे कराच, पण लाइन तुटते का तेही बघा हो. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, मग कान लावून ऐका. खरखर आली तर तारेच्या जोडात पाणी शिरलंय. आमच्याकडे पडवीतल्या फोनच्या डबीत तांब्यावर हिरवा थर चढला होता. खारी हवा, त्यात पागोळ्यांचं पाणी. तार नव्याने सोलून घट्ट बसवली नि लाइन टिकायला लागली. कॉल वेटिंग (लाइन चालू असताना दुसरा फोन आल्याची बीप) असेल तर तेही बंद करा, त्या बीपनेसुद्धा मोडेम लाइन सोडतो.

बंदरपाखाडी: आणखी एक. मोडेमच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये जादा कमांडच्या जागी S10=50 लिहा. वाहक लहर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सतत येणारा आवाज, क्षणभर हरवली तर मोडेम लगेच फोन न ठेवता ५ सेकंद थांबतो. खरखरीच्या लाइनला याचा फार उपयोग होतो.

खाडीकाठ: सड्यावरचे दादा, ती सेवा डिसेबल्डच होती! काल रात्री तीनदा तुटली, तिन्ही वेळा आपोआप लागली. खरखरही आहे. बिलाचं काय पण?

सड्यावरचा: दर वेळी फोन लागला की नवा कॉल मोजतात. म्हणून रीडायलचे प्रयत्न ५च ठेवा आणि मधलं अंतर १ मिनिट, म्हणजे एक्स्चेंजला आधीची लाइन सोडायला वेळ मिळतो. विजा व्हायला लागल्या तर मात्र फोनची तार मोडेममधून काढूनच झोपा. गेल्या वर्षी माझा मोडेम तसाच जळला.

खाडीकाठ: डबी उघडली. आत मुंग्यांचं घर नि हिरवी तार. साफ करून S10 पण टाकलंय. नऊ फोटो गेले, तीन राहिलेत.