मदत हवी आहे : जड ऑडिओ सामानासाठी दणकट पण खिशाला परवडेल असा रॅक

उदगीरकर

नमस्कार मंडळी.

काकांचं ऑडिओचं सामान आता माझ्याकडे आलंय. ते हैदराबादला नोकरीला होते, तिथून एकेक करून जमवलेलं. जुना जपानी रिसीव्हर, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर, सीडी प्लेयर आणि एक स्टॅबिलायझर. नुसतं 'जड आहे' म्हटल्यावर कुणी नीट सल्ला देणार नाही, म्हणून सगळं रिक्षात घालून मोंढ्यात मित्राच्या आडतीवर नेलं आणि काट्यावर चढवलं. हमाल म्हणाला, "सर, ह्याला मार्केट काय हाय आज?" रिसीव्हर २३ किलो, व्हॉल्व्हवाला १९, रेकॉर्ड प्लेयर ११, स्टॅबिलायझर ९, सीडी प्लेयर ६. एकूण ६८.

सध्या हे सगळं लग्नात आलेल्या शोकेसमध्ये आहे. भुशाच्या बोर्डाची, ४ फूट लांब फळी. मधोमध बोटभर खाली आलीये. मुलीनं परवा टोकाला गोटी ठेवली तर ती घरंगळत बरोब्बर रिसीव्हरच्या पायाला जाऊन टेकली. कडेच्या स्क्रूखाली रोज चिमूटभर भुसा पडतो. बायको झाडते आणि माझ्याकडे बघते.

आतापर्यंतचा शोध असा. ऑनलाइन टीव्ही युनिट फोटोत झकास दिसतात, पण फळी किती वजन पेलते ते बहुतेक जण लिहीतच नाहीत. सुतारानं १४,००० सांगितले. किराणा दुकानात असतो तसला भोकाच्या अँगलचा रॅक स्वस्तात मिळतोय. वेल्डिंगवाला मजुरीसकट किलोला १२५ म्हणतो, पण 'डिझाईन तुमचं तुम्ही आणा' म्हणतो. माझं बजेट ८,०००. खोली माडीवरची, उन्हाळ्यात भट्टी होते, त्यामुळे बंद कपाट नको.

तर भोकाचा अँगल, वेल्डिंग की लाकूड? आणि आणखी एक. मुलगी खोलीत धावली की सुई उडते. रॅक भक्कम झाला की ते थांबेल असं धरून चाललोय.

जालनाकर

आमच्या गावात लोखंड विकत मिळतं, सल्ला फुकट. घ्या.

भोकाच्या अँगलचा रॅक वजन पेलतो हो, प्रश्न तो नाही. तो झोकांडी खातो. सगळा भार नट-बोल्टवर, आणि दुकानदार कोपऱ्याच्या तिकोनी पट्ट्या लावतच नाही, कारण साबणाच्या खोक्यांना त्या लागत नाहीत. वर पत्र्याच्या फळ्या. स्पीकर जोरात लावला की परातीसारख्या झणझणतात. तोच घ्यायचा असेल तर आठही कोपऱ्यांना पट्ट्या, मागच्या बाजूला फुलीची पट्टी आणि पत्र्यावर प्लाय टाका. एवढं केल्यावर तो स्वस्त राहत नाही.

तुम्ही चौकोनी पाईप वेल्ड करून घ्या. पाय ४० बाय ४०, फ्रेम २५ बाय २५, दोन्ही २ मिली जाडीचे. दुकानात '१४ गेज' म्हणून मागा. तुम्हाला १८ गेजचा दाखवतील, म्हणजे १.२ मिली. त्यावर नवशिक्यानं वेल्डिंग केलं की भोक पडतं. ३ फूट रुंद, दीड फूट खोल, अडीच फूट उंच, ३ कप्पे धरले तर पाईप सव्वाअकरा मीटर लागतो. वजन १९ किलोच्या आसपास, तुमच्या भावानं २,४०० रुपये. रंग आणि प्लाय वेगळं.

४ फुटांचा हट्ट सोडा. फळीची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच वजनाला वाक ८ पट होतो, आणि जाडी दुप्पट केली की तो ८ पटीनं उतरतो. तुमच्या शोकेसचं दुखणं तिथंच आहे, भुशाचा बोर्ड हे निमित्त.

वेल्डरला सांगा, आधी नुसते टाके मार, मग कर्ण मोज. दोन्ही कर्ण सारखे आले तरच पूर्ण वेल्ड कर. नुसत्या गुण्यावर (काटकोनी पट्टीवर) विसंबू देऊ नका, लोखंड गार होताना ओढतं. पायाच्या तळाला नट वेल्ड करून त्यात लेव्हलचा बोल्ट आणि तो फिरू नये म्हणून वर चेकनट. आपल्याकडची फरशी कधीच एका पातळीत नसते.

तबकडीवाला

रेकॉर्ड कुठं ठेवणार आहात? त्यांचं वजन केलंत का?

उदगीरकर

नाही केलं. खोक्यात भरून पलंगाखाली आहेत. एलपी २४० आणि लाखेच्या जुन्या ९० तरी असतील.

तबकडीवाला

मग पलंगाखाली तुमच्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त वजन पडलंय. एलपी कव्हरसकट सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम धरा, २४० म्हणजे ५५ किलो. लाखेची १० इंची २०० ग्रॅमच्या आसपास, ९० म्हणजे १८ किलो. झाले ७३. रॅक १४० किलोचा बनवायचा आहे, ६८ चा नाही.

एलपी उभ्याच ठेवा, सगळ्यात खाली, मधे आडोसे देऊन. कलल्या की वाकतात. खालच्या कप्प्याला आतून १३-१४ इंच उंची सोडा, कव्हर साडेबारा इंचाचं असतं. लाखेच्या मात्र दाटीनं कोंबू नका, त्या ठिसूळ. एक पडली की तुकडेच गोळा करायचे.

नांदेडची वाचक

दादा, फळ्यांना कडप्पा का नाही लावत? आमच्या स्वयंपाकघरात २५ वर्षांपासून कडप्प्याचे कप्पे आहेत, पिठाचे डबे, गॅसची टाकी, काय काय सोसलंय त्यांनी. वाकायचा प्रश्नच नाही. फरशीवाल्याकडे ओट्यातून कापलेले तुकडे पडलेले असतात, ते फार स्वस्त देतात. आमच्या ह्यांचा रेकॉर्ड प्लेयर तसल्याच तुकड्यावर आहे, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे.

जालनाकर

ताई, कल्पना चांगली, पण २० मिलीचा ३ बाय दीडचा कडप्पा एकटाच २२ किलो भरतो. आणि दगडाला मधे आधार नसेल तर तो वाकणार नाही, एक दिवस सरळ तुटेल. फ्रेमला मधून आडवी पट्टी हवीच.

सिव्हिलवाला

जरा थांबा सगळे. माडी स्लॅबची आहे की माळवदाची?

उदगीरकर

माळवदाची. खालच्या बैठकीचं माळवद तीच माडीची जमीन. सागाच्या तुळया, वर किलचण (लाकडी काड्या-फळ्यांचा थर), त्यावर माती, आणि वडिलांनी नंतर फरशी बसवून घेतली. वाडा आजोबांच्याही आधीचा.

सिव्हिलवाला

तरीच सुई उडते. दोष शोकेसचा नाही, जमीनच हलते. तुळयांवरची जमीन पावलागणिक थोडी दबते. तुम्ही वर रणगाडा बनवून ठेवला तरी तोही तिच्याबरोबर हलेल, उलट जड आणि ताठ रॅक प्रत्येक पाऊल सुईपर्यंत इमानदारीनं पोचवेल.

आता हिशोब बघा. १४० किलो सामान, १९ किलो लोखंड, कडप्प्याच्या ३ फळ्या म्हटलं तर ६७. सव्वादोनशे किलो, चार पायांवर, प्रत्येकाखाली दीड इंची चौकोनावर ५५-६० किलो. घराच्या आरसीसी स्लॅबलासुद्धा आपण चौरस मीटरला २०० किलोच धरतो, तो पसरवून घेतो म्हणून भागतं. माळवदात पाय तुळईवर आला तर ठीक, दोन तुळयांच्या मधे किलचणावर आला तर? त्यात वडिलांनी वर फरशी टाकलीये, म्हणजे जुन्या तुळयांवर आधीच जादा ओझं. भिंतीत गेलेली तुळईची टोकं कधी बघितलीत? कुजतात ती तिथं, आणि चुन्याच्या गिलाव्याखाली दिसत नाहीत.

मी मूळचा औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी ११ वर्षांचा होतो. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीची जड छपरं, माणसं त्याखालीच गेली. तेव्हापासून माळवदावर काही जड चढवायचं म्हटलं की मला झोप लागत नाही. घाबरवायला सांगत नाही, पण रॅक खाली न्या.

तबकडीवाला

बाकीचं खाली नेऊन नुसता रेकॉर्ड प्लेयर वर भिंतीला ब्रॅकेट ठोकून लावला तर? जमिनीशी संबंधच नको. ११ किलो म्हणजे काही नाही.

सिव्हिलवाला

सिमेंटच्या विटेच्या भिंतीला खुशाल लावा. ह्यांची भिंत दोन फुटी दगडाची, सांध्यांत नुसती माती. अँकर बोल्ट मातीत फिरत राहील.

उदगीरकर

सिव्हिलवाले काका, तुमचं वाचून काल रात्री टॉर्च घेऊन बैठकीतून वर बघत बसलो. एका तुळईच्या टोकाशी गिलावा फुगलेला आहे. टोचून बघितलं तर पेन अर्धं आत गेलं. शोकेस तिच्याच वर उभं होतं. आज सकाळी सगळं सामान आणि रेकॉर्डची खोकी खाली आणली. मिस्त्री सोमवारी येतोय.

बैठकीला खाली शहाबादी फरशी, भरीव जमीन. आईची अट एवढीच, की पोथीच्या वेळी बंद. ती सकाळी सात ते आठ वाचते, म्हणजे मला चालेल.

आता रॅकवर येऊ. व्हॉल्व्हवाल्याचं काय करू? तो तासाभरात एवढा तापतो की वर हात धरवत नाही.

जालनाकर

त्याला रॅकमधून काढाच. डोक्यावर मोकळी हवा हवी, आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर रेकॉर्ड प्लेयरजवळ ठेवलात तर सुईतून घूं घूं ऐकू येईल. घरात सत्यनारायणाचा चौरंग असेलच की, त्यावर बाजूला ठेवा. पूजेच्या दिवशी उतरवा. रिसीव्हर मधल्या कप्प्यात, वर ४ इंच मोकळी जागा सोडून. त्यालाही श्वास घ्यायचा असतो, आणि तुमच्याकडचा मे महिना काही पुण्याचा नाही.

आणि हो, पायात वाळू भरा. रिकामा पाईप नखानं वाजवला तर किती वेळ टणटणतो बघा. वाळू भरल्यावर नुसता 'ठप्' असा आवाज येतो. फक्त ती कढईत कोरडी भाजून गार करून घाला, ओली राहिली तर पाईप आतून गंजेल.

उदगीरकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. रॅक उभा राहिला.

वेल्डरच्या दुकानात वाळूची पिशवी घेऊन गेलो तेव्हा तो म्हणाला, "वाळू कशाला भरायलाव सर, खांब पुरायचाय का?" मग एक पाय भरलेला आणि एक रिकामा असे दोन्ही पान्यानं वाजवून दाखवले. त्यानंतर तो स्वतःच गिऱ्हाइकांना वाजवून दाखवत होता. कर्णात पहिल्यांदा ६ मिलीचा फरक आला. टाके तोडून पुन्हा मारले, तेव्हा जुळलं.

खर्च : लोखंड आणि मजुरी २,४५०. खालच्या दोन कप्प्यांना १८ मिलीचा प्लाय, तो सुताराकडे उरलेला होता, १,३०० ला दिला. वरची फळी मात्र कडप्प्याची, ताईंचं ऐकून. फरशीवाल्यानं कापून, कडा घासून ७०० घेतले, मधे आडवी पट्टी आहे, आणि कडप्पा व फ्रेम यांच्यामधे ट्यूबचे तुकडे. रेड ऑक्साइड आणि काळा रंग मीच मारला, ते हात बघून कळतंच. बोल्ट वगैरे धरून पावणेपाच हजारात बसलं. उरलेले पैसे तुळईत गेले, आणि वर बरेच गेले, पण तो वेगळा विषय.

पाणसळ लावली तर एका पायाखाली जवळजवळ अर्धा इंच फरक होता. लेव्हलचे बोल्ट नसते तर पत्त्यांच्या गठ्ठ्यावर रॅक उभा केला असता.

काल मुलीला मुद्दाम रॅकसमोर दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. सुई जागची हलली नाही. आई पोथी मिटून बघत होती.

एकच बारीकशी गुणगुण राहिलीये. गाणं नसताना ऐकू येते, आणि रेकॉर्ड प्लेयरच्या दांडीला बोट लावलं की थांबते. कॅपॅसिटर गेले असतील का? त्यासाठी वेगळा धागा काढू?

तबकडीवाला

काढू नका. रेकॉर्ड प्लेयरच्या मागून एक सुटी बारीक तार लोंबते, टोकाला चिमट्यासारखी पत्री असलेली. ती रिसीव्हरच्या मागच्या 'जीएनडी'च्या (ग्राउंडच्या) स्क्रूला जोडलीत का?

उदगीरकर

ती रॅकच्या मागं लोंबतीये. मला वाटलं जादाची आहे.

जोडली. थांबली.