व्हेअर ईगल्स डेअर: लेक विचारते, "यात आपले लोक कुठेत?"

मंजिरी_के
काल लेकीला व्हेअर ईगल्स डेअर दाखवला. १९६८चा, बर्टन आणि ईस्टवूडचा युद्धपट, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या डोंगरावरच्या किल्ल्यातून एका कैद्याला सोडवायला गेलेल्या टीमची गोष्ट. मी शाळेत असताना बाबांबरोबर बघितलेला, केबल कारच्या टपावरची मारामारी आली की अजूनही माझे हात गार पडतात. पण लेक (वय १५) मध्येच म्हणाली, आई, विमानातून उतरलेले सातही जण गोरे पुरुष, एक बाई आहे ती पण टीमपासून लपवून आणलेली, आणि आपले लोक तर कुठेच नाहीत. मी म्हटलं अगं जुना पिक्चर आहे. पण खरं सांगते, हे उत्तर माझं मलाच पटलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?

डोंगरवाट
सगळे गोरे का, याचं उत्तर गोष्टीतच आहे. जर्मन गणवेश घालून बव्हेरियातल्या किल्ल्यात घुसायचंय, सावळा माणूस पहिल्याच चौकीवर पकडला गेला असता. बायकांचं मात्र लेक बरोबर बोलली. किल्ल्याच्या खिडकीतून दोर कोण सोडतं? मेरी, तीच लपवून आणलेली. तो दोर नसता तर स्मिथ (बर्टन) आणि शाफर (ईस्टवूड) केबल कारच्या स्टेशनवरच अडकले असते. आणि हायडी, म्हणजे गावातल्या दारूच्या गुत्त्यात काम करणारी दुसरी हेर, झालेली इन्ग्रिड पिट, ती स्वतः लहानपणी स्टुटहोफच्या नाझी छळछावणीतून वाचलेली. हे कळल्यापासून मला ती नाझी अधिकाऱ्यांना बिअर देताना दिसली की पोटात कालवतं. एवढं भोगलेली बाई, आणि रोल केवढासा!

स्नेहल७९
लेकीला क्रिस्टिना स्कारबेकबद्दल सांग. पोलिश बाई, ब्रिटिशांची गुप्तहेर. १९४०च्या भर हिवाळ्यात स्कीवरून टाट्रा पर्वत ओलांडून पोलंडमध्ये शिरली. आणि ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी दीन्य गावात गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) कैदेतले तिघे सहकारी तिने सोडवले, तेही बोलून, धमकावून आणि पैसे चारून, एक गोळी न झाडता. डोंगर पण आहे आणि सुटका पण.

रायगडकर
आपले लोक होते ना, इटलीत! चौथी, आठवी आणि दहावी इंडियन डिव्हिजन तिथल्या डोंगरांत लढली. आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४, तिबेर नदीचं वरचं खोरं. सेक्शनमधले बाकी सगळे पडले, तर हे एकटे मशीनगनवर धावून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवलं, आणि मग स्नायपरच्या गोळीने गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.
आणि सुटकाच हवी तर नामदेव जाधव घ्या, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, चढ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून आणलं. मग परत फिरून तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि काठावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. माझी तक्रार या पिक्चरवर नाहीच हो. पन्नास-साठच्या दशकात एवढे युद्धपट निघाले, त्यातल्या एकालाही हा नदीकाठ दाखवावासा वाटला नाही, ते लागतं मनाला.

मंजिरी_के
रायगडकर, तुमचं उत्तर लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. सुरुंगांच्या पट्ट्यापाशी तिने मला थांबवलं, "म्हणजे तो दोनदा गेला? त्याच वाटेने?" आता नकाशावर सेनिओ शोधत बसलीये.