जुना पेट्रोल-रॉकेल स्टोव्ह: पंप दाब धरत नाही, कंपनीला लिहावं की नवा घ्यावा?

डोंगरवाट: बाटलीला पंप लावायचा ट्रेकिंग स्टोव्ह आहे, पेट्रोल आणि रॉकेल दोन्हीवर चालणारा. हल्ली पंप मारला की दांडा आपोआप वर येतो. ज्योत पिवळी, भांड्याला काजळी. इंधन म्हणून पेट्रोलपंपावरचं साधं पेट्रोल, वॉरंटी संपलेली. स्पितीच्या थंडीत न्यायचाय, तिथे साधा ब्यूटेन गॅस नीट चालत नाही, म्हणून त्याची डबी नको. कंपनीला लिहून उपयोग होईल का?

कडेकपारी: दांडा वर येतोय म्हणजे चामड्याच्या वायसरचा (दांड्याच्या टोकाच्या चकतीचा) दोष नाही. वायसर सुकला तर दांडा नुसता सैल जातो. इथे पंपातला चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) कचऱ्यामुळे नीट बसत नाहीये, त्यामुळे बाटलीतला दाब उलटा पंपात शिरतो. व्हॉल्व्ह काढून त्याचं रबर आणि बसायची जागा सुती फडक्याने पुसा. रबराला खाच पडली असेल तर बदलाच.

पिवळ्या ज्योतीचं कारण बहुतेक वेळा अपुरं तापवणं. जुन्या प्रायमसला काकडा लावायचे तसंच इथेही आहे: बर्नरजवळची इंधनाची नळी तापली नाही तर इंधन वाफ न होता द्रवरूपातच बर्नरला येतं. नीट तापवूनही पिवळीच राहिली तर नळीत कार्बन साचलाय. आतली तार पकडीने ओढून पुढेमागे घासा, पुसा, पुन्हा घासा. मग निपल (बर्नरमधलं बारीक भोकाचं तोंड) काढून ठेवा आणि तीनचार चमचे इंधन नळीतून एखाद्या डब्यात वाहू द्या. हे उघड्यावर आणि आगीपासून लांबच करा. निपलही तपासा: रॉकेलच्या निपलचं भोक बारीक असतं, पेट्रोलच्या निपलवर रॉकेल जाळलं तर काजळी होणारच.

रानवारा: पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. काही रबरं त्याने फुगतात, मग सुकून तडकतात. ओ-रिंग (रबरी कडी) तीन ठिकाणी बघा: नळी पंपात शिरते तिथे, ज्योत कमीजास्त करायच्या व्हॉल्व्हच्या खुंटीवर, बाटलीच्या तोंडाशी. हाच व्हॉल्व्ह बंद ठेवून पंधरावीस दट्टे मारा, दहा मिनिटं थांबा. कुठेही ओल दिसली तर काडी ओढायची नाही. ट्रेक संपला की पेट्रोल बाटलीत ठेवू नका.

कंपनीला जरूर लिहा, पण फुकट बदलून मागू नका. वायसर आणि ओ-रिंग हे झिजणारे भाग, ते सहसा वॉरंटीत धरत नाहीत. मॉडेल, पंपावरचा तारीख-कोड, वापरलेलं इंधन, काय करून पाहिलं आणि उजेडातले फोटो एकाच मेलमध्ये पाठवा. सुट्या भागांच्या किटचा नेमका क्रमांक विचारा; ‘स्टोव्ह चालत नाही’ एवढंच लिहिलं तर चार मेल नुसत्या प्रश्नोत्तरांत जातात. पंपाच्या प्लॅस्टिकला तडा असेल तर मात्र डिंक-गोंद लावू नका, तो फोटो सगळ्यात वर जोडा. तो सुरक्षेचा प्रश्न आहे, तिथे ठाम राहायचं. कंपनीने पंप मागवलाच तर पूर्ण कोरडा करून पाठवा. पेट्रोलचा वास आला तर कुरियरवाला पार्सल घेणार नाही.

डोंगरवाट: वायसरला खोबरेल चालेल?

कडेकपारी: नको, थंडीत थिजतं. शिवणयंत्राचं तेल दोन थेंब घाला, आणि चामड्याची कड बोटाने बाहेरच्या बाजूला फाकवून मगच दांडा बसवा.