लहानपणीच्या विज्ञानमालिका पुन्हा बघताना: प्रत कुठली, सेटिंग काय, घरच्या कॅसेटचं काय?

रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ बघणारी पिढी आता पन्नाशीला आली. तीच मालिका आज लावली की पाच मिनिटांत वाटतं, हे तसं दिसत नाहीये. दर वेळी दोष आठवणींचा नसतो. प्रत वेगळी असते, नाहीतर टीव्ही स्वतःचं डोकं चालवत असतो. गहिवर इतरत्र भरपूर काढून झालाय, त्यामुळे इथे फक्त कामाचं लिहा: काय बघायचं, कसं बघायचं, कुठे फसतं. (खाली प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चौकोनी पडदा

सुरुवात टीव्हीपासून. मोशन स्मूदिंग आधी बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण ते असतं पिक्चर सेटिंगमध्येच. सेकंदाला २४ फ्रेमच्या फिल्ममध्ये टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि अंतराळयान स्टुडिओतल्या खेळण्यासारखं दिसायला लागतं. शार्पनेस शून्यावर किंवा शून्याजवळ ठेवा, नाहीतर चेहऱ्यांभोवती पांढरी कड येते. चित्र ४:३ (जुन्या टीव्हीचा चौकोनी आकार) ठेवा. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा बिघाड नाही. झूम केलं की वरखालून चौथा हिस्सा चित्र कापलं जातं.

लाल सदरा

मूळ ‘स्टार ट्रेक’चे भाग ७९, १९६६ ते १९६९. चित्रण ३५ मिमी फिल्मवर, म्हणून आजही स्वच्छ प्रत निघते. २००६ पासून यानांची दृश्यं संगणकावर नव्याने केली आणि स्ट्रीमिंगवर सहसा तीच असतात. लहानपणची प्लास्टिकची मॉडेलं हवी असतील तर ब्ल्यू-रे घ्या, त्यात जुनी आणि नवी दोन्ही दृश्यं निवडता येतात.

प्रत कापलेली आहे का, हे लांबीवरून कळतं. पूर्ण भाग साधारण ५० मिनिटांचा. ४८ च्या आसपास असेल तर बहुधा पाल (सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) प्रत, काही कापलेलं नाही. ४५ च्या आत आला तर जाहिरातींसाठी कात्री लागलेली आहे.

क्रमाचंही बघा. ८ सप्टेंबर १९६६ ला पहिला दाखवला ‘द मॅन ट्रॅप’, पण ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ त्याच्या आधी तयार झाला होता. त्यात गणवेश वेगळे आणि डॉक्टर मॅकॉय नाहीच. तो मध्येच आला की गोंधळ होतो, पहिला बघा. ‘द केज’ (मालिकेचा अगदी पहिला नमुना भाग) मात्र आधी बघू नका. त्याचाच मोठा भाग ‘द मेनाजरी’च्या दोन भागांत वापरलाय, मजा जाते.

काळी एक

पाल प्रतीबद्दल थोडं. २४ फ्रेमची फिल्म २५ ने पळवली की वेग ४ टक्क्यांनी वाढतो आणि सूर चढतो. पेटीच्या भाषेत, काळी एकचा सूर पांढरी दोनच्या दिशेने अर्ध्याहून पुढे सरकतो. शीर्षकसंगीत ‘काहीतरी चिरकं’ लागतं ते यामुळे. व्हीएलसीत (संगणकावरचा व्हिडिओ प्लेअर) वेग ०.९६ करा, पण तेवढ्याने भागत नाही: तिथे वेग बदलला तरी सूर तोच राहील अशी सोय मुळातच चालू असते. ऑडिओ सेटिंगमध्ये टाइम-स्ट्रेचिंग बंद केलं तरच सूर खाली येतो.

लाल सदरा

हे माहीत नव्हतं. +१

स्थानक पाच

‘बॅबिलॉन ५’ ही अंतराळस्थानकावरची मालिका घेताना जपून. जुन्या डीव्हीडी रुंद पडद्याच्या आहेत. माणसांची दृश्यं रुंद फिल्मवर होती, पण संगणकावरची दृश्यं ४:३ मध्येच बनली होती. रुंद करताना ती वरखालून कापून ताणली, म्हणून लेझर सुटला रे सुटला की चित्र पिठूळ. २०२१ ची ४:३ प्रत शोधा.

‘स्टार ट्रेक’ची पुढची मालिका ‘नेक्स्ट जनरेशन’, तिचं प्रकरण निराळं: चित्रण फिल्मवर, संकलन व्हिडिओ टेपवर. पुढे मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून सगळे भाग नव्याने जोडले, म्हणून २०१२ पासूनची ब्ल्यू-रे प्रत लख्ख आहे. त्यानंतरच्या ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ला हे भाग्य लाभलं नाही. त्यांची एचडी म्हणून विकली जाणारी प्रत म्हणजे टेपच मोठी केलेली, पैसे घालवू नका.

जुना अँटेना

‘स्ट्रीट हॉक’ (मोटरसायकलवाली अमेरिकन मालिका): एकूण १३ भाग. शनिवार-रविवारचं काम.

टेपकिडा

‘इंद्रधनुष’ (१९८९) किंवा ‘कॅप्टन व्योम’ (१९९८) घरच्या कॅसेटवर असेल तर ती कॅसेट सोन्यासारखी जपा. आधी खिडकीतून रिळाची कड बघा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही हमखास धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही, हेड (टेप वाचणारा भाग) घाण होतं आणि बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी साफ करून घ्या. चांगल्या कॅसेटची पाठीमागची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एका जागी बसलेली टेप सैल होते आणि प्ले केल्यावर चित्र थरथरतं.

पडद्यावर मुंग्या आल्या तर आधी हेड. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, शॅमॉयचा (मऊ कातड्याचा) तुकडा. तुकडा हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला आडवा टेकवून स्थिर धरा आणि ड्रम वरून हाताने फिरवा. तुकडा वरखाली घासलात तर हेड तुटलंच. कानातल्या कापसाच्या काड्या अजिबात नकोत, धागा हेडमध्ये अडकतो.

पंचवीस फ्रेम

त्यापुढचं मी लिहितो. स्वस्त यूएसबी कॅप्चर (कॅसेट संगणकात उतरवणारं यंत्र) लावला की टेपवर ओरखडा आला तिथे फ्रेम गळतात आणि तासाभरात आवाज ओठांच्या मागे पडतो. मोजून बघा: एका तासाच्या ९०,००० फ्रेम यायला हव्यात. कमी आल्या तर मध्ये टाइम बेस करेक्टर (टेपचा डळमळता सिग्नल स्थिर करणारं यंत्र) हवा. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नेला तरी भागतं, सगळ्यांत नाही. कॅप्चर ७२०×५७६, इंटरलेस्ड (एक फ्रेम म्हणजे दोन अर्धी चित्रं, फील्ड), लॉसलेस (काहीही न गमावता). तासाला ३०-३५ जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांच्या ई-१८० कॅसेटला १०० जीबी धरून चाला. तळाशी वळवळणारी पट्टी मूळ फाइलमध्ये कापू नका.

बघायची प्रत वेगळी करा: डीइंटरलेस करून (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून) सेकंदाला ५० फ्रेम. २५ केल्यात तर स्टुडिओतल्या हालचाली अडखळतात. फील्डचा क्रम उलटा पडला तर धावणारा माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा दिसतो. लगेच ओळखू येतं.

चौकोनी पडदा

आणि ४:३ ची खूण फाइलमध्ये राहू द्या. नाहीतर सगळे चेहरे अरुंद दिसतात.

जुना अँटेना

उलटा प्रकारही आहे. नेटवर चढवलेल्या दूरदर्शनच्या बऱ्याच मालिका आडव्या ताणलेल्या असतात, कॅप्टन एकदम गुबगुबीत. व्हीएलसीत ‘ए’ कळ दाबत राहा, ४:३ येईपर्यंत. हालत्या कडांना कंगव्याचे दात दिसले तर ‘डी’.