'स्लम्प'ला मराठीत काय म्हणायचं? आणि प्लेअर 'डेव्हलप' होतो म्हणजे नक्की काय होतं?

बॉयलर_बंड्या
लोकहो, जरा मदत करा. इथे अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटला आमचं पाच-सहा मराठी टाळक्यांचं टोळकं आहे, आमच्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल मॅच असली की असाइनमेंटा गेल्या खड्ड्यात, आणि आमचं भांडण दरवर्षी एकाच ठिकाणी येऊन अडतं. एखाद्या शूटरचे तीन-चार मॅच थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) पडेनासे झाले की एक म्हणतो स्लम्प आहे, दुसरा म्हणतो फॉर्म गेला, तिसरा लगेच "पोरगं संपलं" म्हणून मोकळा. तर स्लम्पला मराठीत नेमकं काय म्हणाल? घसरण म्हटलं की सेन्सेक्स आठवतो, मंदी म्हटलं की आमच्या नोकऱ्या. आणि दुसरा अडलेला शब्द डेव्हलपमेंट. 'खेळाडूचा विकास' म्हटलं की डोळ्यासमोर नगरसेवकाचा फ्लेक्स येतो, सॉरी.

कट्टेकरी
फॉर्म. विषय संपला. मराठीच झालाय तो शब्द. फॉर्मात आहे, फॉर्म हरवला, फॉर्म परत आला, शेंबडं पोरगंसुद्धा बोलतं. उगाच कशाला शब्द खणत बसायचं.

बॉयलर_बंड्या
अरे इथेच तर घोळ आहे ना! बास्केटबॉलमध्ये फॉर्म म्हणजे शॉट मारायची पद्धत. कोपर रिंगच्या रेषेत आहे का, दुसरा हात बॉलला नुसता टेकू देतोय की ढकलतोय, शेवटी मनगट नीट सुटतंय का, हे सगळं म्हणजे फॉर्म. त्यामुळे कॉमेंटेटर म्हणतो फॉर्म एकदम मस्त आहे पण बॉल जात नाहीये, आणि माझा नवीन रूममेट, जो आजवर फक्त क्रिकेट बघून इथे आलाय, तो माझ्याकडे बघतो की हा माणूस काय बरळतोय, फॉर्म मस्त आहे तर बॉल का जात नाही.

नाशिकची_मावशी
मुलांनो, मी शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळलेय, तेही सिमेंटच्या कोर्टवर, त्यामुळे माझे दोन पैसे. बंड्या म्हणतोय त्या फॉर्मला आम्ही ढब म्हणायचो. "हिची शॉटची ढब चांगली आहे." आणि रोज मारून मारून शॉट अंगात भिनला की हात बसला. आमच्या सरांच्या तोंडी हेच असायचं, आधी हात बसू दे मग मॅचचं बोलू. आता बसलेला हात असा चार दिवसांत उठून जात नाही, तो बिनसतो. म्हणून माझं मत बिनसण्याला. "गेले पाच मॅच त्याचं काहीतरी बिनसलंय." यात परत येईल असंही गृहीत आहे. 'संपलं' म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

कट्टेकरी
मावशी, पेपरवाले सूर हरवला लिहितात, पुढच्या आठवड्यात सूर गवसला. ते चालेल का?

नाशिकची_मावशी
लिहायला छान आहे रे, पण बोलताना कोण म्हणतं? मॅच बघताना तू सोफ्यावरून ओरडणार आहेस का, अरेरे याचा सूर हरपला म्हणून?

टीनेकचा_टारझन
न्यू जर्सीवरून सप्रेम नमस्कार. पर्ड्यूवाले शब्द शोधतायत बघून गंमत वाटली, आम्ही देतो की. १७ मार्च २०२३, कोलंबस, ओहायो. देशभरच्या कॉलेज टूर्नामेंटमध्ये एक नंबरचं सीड (मानांकन) पर्ड्यू विरुद्ध सोळा नंबरचं आमचं फेअरली डिकिन्सन (एफडीयू), कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या गटातली, अख्ख्या डिव्हिजन वनमधली सगळ्यात बुटकी टीम, समोर तुमचा सात फूट चार इंचाचा झॅक ईडी. निकाल ६३-५८, कोणाच्या बाजूने ते सांगायला नको. याला मराठीत कच खाणे म्हणतात. अजून मराठी हवं असेल तर माती खाल्ली.

बॉयलर_बंड्या
आला जखमेवर मीठ चोळायला. माती खाल्ली, मान्य. कच खाल्ली नाही. कच खाणं म्हणजे हातात असलेली गोष्ट ऐनवेळी घाबरून सोडणं, भर मॅचमध्ये पाय लटपटणं. त्या रात्री थ्रीचे २६ शॉट मारले आणि ५ गेले, त्यातले कितीतरी मोकळे होते, कारण तुमची सगळी पोरं ईडीभोवती गराडा घालून बसली होती आणि बाहेरच्यांना मुद्दाम सोडलं होतं, मारा म्हणाले काय मारायचं ते. मग हा स्लम्प की भीती की आणखी काय? त्यावरच तर आमचं भांडण आहे.

आकडेमोड्या
कशाचंच काही नाही. ती टीम सीझनभर थ्री ३२ टक्क्यांच्या आसपास मारत होती. २६ शॉटमध्ये साधारण ८ पडायला हवेत, ५ पडले. तीन शॉट कमी! हा स्लम्प नाही, ती टीमच तशी शूटर होती आणि वाईट रात्री वाईट आकडा आला. बिनसायला आधी बसलेलं असावं लागतं ना मावशी.

आणि एकट्या शूटरचं सांगतो. खरोखर ४० टक्के मारणारा चांगला शूटर घ्या, मॅचला पाच शॉट, पाच मॅचचे पंचवीस. दहा पडायला हवेत. पण नुसत्या नशिबाने सहा किंवा त्याहून कमी पडायची शक्यता शंभरात सात आहे. एका टीममध्ये चार शूटर, पस्तीस मॅचचा सीझन, म्हणजे अशी वाईट पाच मॅच कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला दरवर्षी येणारच, आणि आपण त्याला नाव द्यायला धावतो. रमी खेळणारे बरोबर बोलतात, पानं लागत नाहीयेत. खेळणाऱ्याचा त्यात दोष नाही, डाव चालू ठेवायचा.

१९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलच्याच आकड्यांवर 'हॉट हँड', म्हणजे लागोपाठ शॉट पडले की हात गरम होतो आणि पुढचाही पडतो, हा भास आहे असं मांडलं होतं ते यासाठीच सांगतो.

बॉयलर_बंड्या
आणि पुढे मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्यांच्या हिशोबातच खोट काढली, ते का नाही सांगत? हात गरम होतो हे पूर्ण थोतांड नाही असं निघालं नंतर.

आकडेमोड्या
हो निघालं, थोडासा गरम होतो. तुम्ही लोक म्हणता तेवढा नाही.

नाशिकची_मावशी
आकडे बरोबर असतील बाळा, पण आकड्याला पाय नसतात. त्याच सीझनचा फेब्रुवारी बघ. पर्ड्यू २२ जिंकून फक्त १ हरली होती, आणि एका फेब्रुवारीत चार हरली, इंडियाना युनिव्हर्सिटीशी तर दोनदा. का? चेंडू हाताळणारी दोन्ही पोरं, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, पहिल्या वर्षाची. शाळेतून आलेलं अठरा-एकोणीस वर्षांचं पोर नोव्हेंबरपासून दणकट पोरांशी धक्काबुक्की करतंय, मधल्या वेळात विमानं आणि परीक्षा. अमेरिकन लोक फ्रेशमन वॉल म्हणतात ना ते. शॉट पुढच्या रिमला आपटायला लागले की ओळखायचं, हाताला काही झालेलं नाही, पाय आंबलेत. बास्केटबॉलचा शॉट पायातून येतो, हात नुसता पोचवायला. हा नशिबाचा खेळ नाही आणि मनाचा पण नाही. त्याला उपाय विश्रांती. तू पानं लागत नाहीत म्हणून त्यालाच खेळवत ठेवलंस तर अजून आंबेल.

आकडेमोड्या
हे मला पटलं. पण मग तुमच्या एका 'बिनसलं'मध्ये हे मावत नाही, वेगळा शब्द लागणार.

बॉयलर_बंड्या
हेच तर! मला आता असं वाटायला लागलंय की इंग्लिशमध्ये स्लम्प म्हटलं की कारण सांगायची जबाबदारीच संपते, सगळं त्या एका पोत्यात. आपल्याकडे पोतं नाही, प्रत्येक शब्दाला कारण चिकटलेलं आहे. पानं लागत नाहीत म्हणालास की तू नशिबाला धरलंस. पाय आंबले म्हणालीस की कोचला, की मिनिटं जास्त दिली. कच खाल्ली म्हटलं की थेट पोराच्या छातीला हात. आमच्या ग्रुपमधली भांडणं शब्दावरून नव्हतीच, आम्ही तिघं तीन वेगळे रोग सांगत होतो.

लॉयरचंच घ्या. पहिल्या वर्षी थ्री ३३ टक्क्यांच्या आत, अर्ध्या लाफायेटने त्याला बेंचवर बसवा म्हणून गळा काढला होता. पुढच्या वर्षी ४४च्या वर! तोच माणूस, तीच ढब.

रंकाळ्याचा_रांगडा
लाफायेटवाल्या भावा, ते डेव्हलपमेंटचं कुणी बोलंना झालंय म्हणून मी बोलतो. आमच्यात तालमीत एकच शब्द हाय, तयार. पैलवान तयार झाला. वस्तादानं पोरगं तयार केलं. गवयी लोकबी तेच म्हणत्यात, गळ्याची तयारी. विकास-बिकास काय नाय. आता सांगा, तुमचा तो ताडमाड ईडी तयार झाला का त्याला तयार केला? कारण त्यातच सगळं आलं बघा.

बॉयलर_बंड्या
भावा, एक नंबर प्रश्न. इथल्या फॅन लोकांचं अर्धं आयुष्य यातच जातं, फक्त त्यांच्याकडे 'झाला' आणि 'केला' असे सुटसुटीत जोडीचे शब्द नाहीत. ईडी टोरांटोचा, लहानपणी हॉकी आणि बेसबॉल, बास्केटबॉलला हात लावला तो दहावीच्या सुमारास. पर्ड्यूला आला २०२० मध्ये तेव्हा देशातल्या पहिल्या चारशे रिक्रूटमध्येसुद्धा नाव नव्हतं. मॅचला सरासरी पॉइंट वर्षागणिक ८.७, मग १४.४, मग २२.३, शेवटी २५.२. दोनदा लागोपाठ देशातला सर्वोत्तम खेळाडू. एक पार्टी म्हणते कोच मॅट पेंटरने केला, दुसरी म्हणते सात फूट चार इंच पोरगं कुठेही गेलं असतं तरी झालंच असतं.

टीनेकचा_टारझन
उंचीला कोण तयार करतं राव. झाला.

रंकाळ्याचा_रांगडा
आरं उंच पोरं लय बघितली आम्ही, चार डावात धापा टाकत्यात. एवढं धूड घेऊन सगळा वेळ पळायचं, दोघं-तिघं अंगावर लोंबकळत असताना हात वर ठेवायचा, ते वस्तादाबिगर हुतंय व्हय? केला.

आकडेमोड्या
मध्ये एक बारकी गोष्ट. ८.७ वरून २२.३ हा आकडा फसवा आहे, कारण पहिली दोन वर्षं तो निम्मा वेळ बेंचवर होता, दुसऱ्या वर्षी ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर जागा वाटून घेत होता. म्हणजे बरीचशी वाढ ही संधीची वाढ. त्याला तयारी म्हणू नका, वाव मिळाला म्हणा.

नाशिकची_मावशी
वाव छान शब्द आहे. पण बेंचवर बसून शिकण्यालाही आपल्याकडे शब्द आहे, उमेदवारी. आता निवडणुकीने पळवला, पण आमचे वडील म्हणायचे, वकिलाच्या ऑफिसात तीन वर्षं उमेदवारी केली. इथे ते एक वर्ष मुद्दाम न खेळवता नुसतं प्रॅक्टिसला ठेवतात ना, रेडशर्ट का काय, त्याला मराठीत उमेदवारीचं वर्ष म्हणा.

बॉयलर_बंड्या
मावशी!! हा शब्द मी आजच्या आज ग्रुपवर टाकतोय. ट्रे कॉफमन-रेनने २०२१-२२ ला तेच केलं, पूर्ण वर्ष उमेदवारी, मग दोन वर्षं ईडीच्या सावलीत, आणि २०२४-२५ मध्ये मॅचला सरासरी २० पॉइंट. हा नुसता तयार नाही, हा मुरला.

पण असे मुरणारे आता कमी. २०२१ पासून ट्रान्सफर करून लगेच खेळता येतं, त्याच वर्षापासून जाहिरातींचे पैसेही घेता येतात, मग बेंचवर तीन वर्षं कोण बसतंय, आणि कोचही आयता प्लेअर उचलतात. आयता म्हणजे वाईट असं नाही हां, लान्स जोन्स सदर्न इलिनॉयवरून आयता आला आणि त्याच्यामुळे २०२४ च्या टीमला धार आली. पण आयत्याने एक मॅच घाण केली तर लोक लगेच तोंड सोडतात, घरच्या पोराला एक महिना माफ.

(अवांतर: ईडी कॅनडाचा, म्हणजे आमच्यासारखाच स्टुडंट व्हिसावर. देशातला सगळ्यात मोठा कॉलेज प्लेअर, आणि जाहिरातीच्या कमाईला व्हिसाची आडकाठी. कॅम्पसच्या बाहेर पार्ट टाइम करता येत नाही म्हणून रडणाऱ्या आम्हा मास्टर्सच्या पोरांना तो एकदम सख्खा वाटायचा.)

कट्टेकरी
सगळं ऐकलं, तरी त्याच टूर्नामेंटची २०२४ ची फायनल राहिली. ईडीचे ३७, पण थ्री सातात एक, कनेक्टिकटने ७५-६० ने घरी पाठवलं. सीझनभर थ्री ४० टक्क्यांच्या वर मारणारी टीम. आता बोला, पानं की पाय की कच?

आकडेमोड्या
फक्त सात शॉट मारले इथेच उत्तर आहे. न पडणं वेगळं, मारूच न देणं वेगळं. ईडीवर एकच माणूस ठेवला, घे किती घ्यायचे ते पॉइंट, आणि बाकी चौघांना श्वास घेऊ दिला नाही. कोंडी झाली. एफडीयूने नेमकं उलटं केलं होतं, ईडीला घेरलं आणि बाकी सोडले. या दोन्ही मॅचना स्लम्प म्हणणाऱ्याने मॅच बघितली नाही, फक्त स्कोअर बघितला.

टीनेकचा_टारझन
बरं बाबा, कच शब्द मागे घेतो, माती ठेवतो. आणि खरं सांगायचं तर सोळा नंबरकडून हरणारे तुम्ही पहिले नाही, २०१८ ला व्हर्जिनिया हरली आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियन झाली.

बॉयलर_बंड्या
हो, आणि जाताना आमच्याच छातीवर पाय देऊन गेली, कार्सन एडवर्ड्सने ४२ मारूनसुद्धा ओव्हरटाइमला ८०-७५. तू मदत करतोयस का मीठ संपलं नाहीये अजून?

रंकाळ्याचा_रांगडा
आता एवढं सांगून टाका, बॉल रिंगला बी लागत न्हाय, बोर्डाला बी न्हाय, हवेतनंच खाली येतोय, त्याला काय म्हणता?

बॉयलर_बंड्या
एअरबॉल.

नाशिकची_मावशी
फुसका बार.