उत्तर: टोकियोहून कॅमेरा मागवावा का?

मेहुणे टोकियोला निघालेत, सोनीचा कॅमेरा त्यांच्याकडून मागवू का, असं तुम्ही विचारलंय. जरा थांबा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीत असतो, इंग्रजीचा पर्यायच नसतो. परदेशी पर्यटकांसाठी वेगळं मॉडेल काही दुकानांत मिळतं, पण ते सहसा महाग पडतं. मेहुण्यांना दुकानातच मेनू उघडून बघायला सांगा.

माझा कॅमेरा मी सिंगापूरहून आणला. तिथे किमान १०० सिंगापूर डॉलरची खरेदी केली की पर्यटकाला ९ टक्के जीएसटीतला बराचसा भाग विमानतळावर परत मिळतो. मेनूही इंग्रजीत. मात्र दीड वर्षात, ऐन नवरात्रात, मांडवीजवळ गरब्याचे फोटो काढताना शटर अडकलं. बडोद्यातल्या सर्व्हिसवाल्यांनी बिल बघितलं आणि सांगितलं, परदेशातली वॉरंटी इथे चालत नाही. वाचलेले सगळे पैसे दुरुस्तीत गेले. फार जिव्हारी लागलं ते, कारण त्या वर्षीचे गरब्याचे फोटो पुन्हा थोडेच मिळणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, इथेच घ्या, भारतातल्या वॉरंटीसकट. लेन्स हवी तर बाहेरून आणा, ती त्या मानाने कमी बिघडते. चार्जरची चिंता नको, बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, फक्त पिनेचा अ‍ॅडॅप्टर लागतो. आणि पुढे कधी हा कॅमेरा घेऊन परदेशी गेलात, तर निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे कॅमेरा इथूनच नेल्याचा दाखला, करून घ्या, म्हणजे परतताना ड्युटीचा वाद होत नाही.